कुंग फू आपल्याकडून गेलं का?



पत्रिकेवर विषय छापून आल्यावर आम्हाला दोन-तीन फोन आले. सर, तुम्ही जन्मभर शंकराचार्य आणि कांट शिकवलात, आता म्हातारपणी कुंग फू? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हे प्रकरण आमच्याकडे आलं कसं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी, श्रावणात, आम्ही आमच्या घराच्या पाखाडीवरून घसरलो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ, हातात छत्री आणि डोक्यात भलतेच विचार. मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी भीती काही निघेना. सपाट अंगणातसुद्धा आम्ही भिंत धरून चालू लागलो. आमची नात इथल्याच एका वर्गात वूशू शिकते. ती म्हणाली, "आबा, तुम्हाला ताई ची शिकवते, त्यात मारामारी नसते." तेव्हापासून सकाळी अंगणात आम्ही दोघं अर्धा तास हळूहळू हातपाय हलवतो. शेजारच्यांना सुरुवातीला वाटलं, सरांना झटका आला. (हशा)

खरी अडचण पुढे आली. गेल्या वर्षी त्या वर्गाचं वार्षिक प्रात्यक्षिक होतं. त्यांच्या सरांनी एक फलक करायला घेतला आणि मजकूर आमच्याकडे तपासायला पाठवला. पहिलंच वाक्य असं होतं की, ही विद्या मूळ भारताची, बोधिधर्म नावाच्या भिक्षूने ती चीनमध्ये नेऊन शाओलिन मठात शिकवली. आम्ही पेन्सिल घेतली आणि थांबलो. कारण हेच वाक्य आम्ही स्वतः वर्गात तीसेक वर्षं उच्चारलं होतं. बौद्ध दर्शनाचा तास दुपारचा असायचा, मुलं पेंगायची, मग ब्रूस लीचं नाव घ्यायचं आणि तिथून बोधिधर्मावर यायचं. मुलं लगेच ताठ बसायची. हे वाक्य आम्ही कधी तपासलं नव्हतं. फलकावर आपलं नाव जाणार म्हटल्यावर तपासायला बसलो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे शोभत नाही, पण झालं ते असं.

तर मंडळी, पुरावा काय आहे?

शाओलिन मठ चीनच्या हनान प्रांतात, सोंग पर्वताच्या कुशीत आहे. इसवी सन ४९५ च्या सुमारास उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो बांधवला, आणि बांधवला तो एका परदेशातून आलेल्या भिक्षूसाठी. चिनी ग्रंथ त्याला बातुओ म्हणतात, त्याचं मूळ नाव बुद्धभद्र असावं असं मानतात, आणि परंपरा त्याला भारतीय समजते. म्हणजे मठाचा पहिला आचार्य आपल्याकडचा म्हणायला जागा आहे. पण तो बोधिधर्म नव्हे.

बोधिधर्माचा सगळ्यांत जुना उल्लेख ५४७ च्या सुमाराचा आहे. यांग श्वानझी नावाच्या अधिकाऱ्याने लोयांग नगरातल्या विहारांचं वर्णन लिहिलं, त्यात एक वृद्ध भिक्षू एका उत्तुंग स्तूपाची शोभा पाहून थक्क होतो. हा बोधिधर्म. लेखक त्याला पारसिक देशाचा म्हणतो आणि वय दीडशे वर्षं सांगतो! दुसरा जुना लेख त्याच्या परंपरेतल्या तानलिनचा. तो म्हणतो, हा दक्षिण भारतातला, एका मोठ्या राजाचा तिसरा मुलगा. म्हणजे तो कुठला यावर सुरुवातीच्याच दोन साक्षीदारांचं एकमत नाही. आणि दोघांपैकी एकानेही ठोसा, लाथ, काठी यातलं काही त्याच्या नावावर लावलेलं नाही. त्याच्या नावावर आहे ते ध्यान, भिंतीकडे तोंड करून बसणं.

आता शाओलिनचे भिक्षू लढले का? लढले. ६२१ मध्ये तांग घराण्याच्या ली शिमिनला एका शत्रूविरुद्ध त्यांनी मदत केली, आणि तेरा भिक्षूंचा त्याबद्दल गौरव झाला. मठात ७२८ ची शिळा आहे, त्यावर ही हकिगत कोरलेली आहे. पुढे सोळाव्या शतकात चिनी किनाऱ्यावर समुद्री लुटारूंचा उपद्रव झाला, तेव्हा मठातले भिक्षू लोखंडी आणि लाकडी दंड घेऊन गेले. शाओलिनचा नावलौकिक आधी काठीचा आहे. नुसत्या हातांनी लढण्याची कला तिथे ठळकपणे दिसते ती सतराव्या शतकात. मठ हजार वर्षांहून जास्त जुना झाल्यावर.

मग बोधिधर्म या गोष्टीत आला कुठून? एका पुस्तकातून. ‘यी जिन जिंग’, म्हणजे स्नायू पालटून टाकणारं सूत्र. हे सतराव्या शतकातलं. ते प्राचीन वाटावं म्हणून त्याला दोन प्रस्तावना जोडल्या आहेत. एक ६२८ सालची, एका विख्यात सेनापतीच्या नावाने, आणि दुसरी ११४२ सालची, दुसऱ्या एका सरदाराच्या नावाने. पहिलीत सांगितलंय की बोधिधर्माने हे सूत्र मठात मागे ठेवलं, आणि मग ते कुणाकडून कुणाकडे गेलं त्याची यादी दिली आहे. त्या यादीत चक्क तांग काळातल्या एका गाजलेल्या कथेतलं पात्र आहे. उद्या कुणी म्हणालं, हे हस्तलिखित मला माझ्या गुरूंकडून, गुरूंना चिमणरावांकडून मिळालं, तर आपण काय म्हणू? दुसऱ्या प्रस्तावनेतला सरदार म्हणतो, मी शिपाईगडी, मला अक्षर वाचता येत नाही. आणि लिहितोय प्रस्तावना! अठराव्या शतकात लिंग तिंगकान नावाच्या चिनी पंडितानेच यातल्या चुका दाखवल्या आणि हा उद्योग कुणातरी खेडेगावच्या अर्धवट मास्तरचा असावा अशा अर्थाचं लिहून ठेवलं. खेडच्या मास्तरांनी मनावर घेऊ नये. (हशा)

इथे एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तांग हाओ. गरिबीत वाढलेला, पुढे शांघायमध्ये वकील झाला. स्वतः या कलेचा अभ्यासी. १९२८ मध्ये नानकिंगला सरकारने राष्ट्रीय युद्धकलेची केंद्रीय संस्था काढली, तिथे तो संपादनाचं काम बघत असे. वकिलाला सवय कागद तपासायची. १९३० मध्ये त्याने छोटंसं पुस्तक काढलं. त्यात त्याने म्हटलं की, बोधिधर्माने शाओलिनची मुष्टिकला निर्माण केली याला आधार नाही, आणि झांग सानफेंग या ताओपंथी सिद्धाने ताई ची निर्माण केली यालाही नाही. चीनमध्ये मोठमोठ्या उस्तादांची सगळी वंशावळ या दोघांपासून सुरू होते. त्यांनी या वकिलाला धरून चोपायचं ठरवलं होतं असं सांगतात, आणि संस्थेतल्याच दोन नामांकित उस्तादांनी मध्ये पडून त्याला वाचवलं. पुढे तो हनानमधल्या चेन कुटुंबाच्या गावी गेला, त्यांची जुनी कागदपत्रं पाहिली, आणि ताई चीचा माग सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगपर्यंत नेला. यावरही आज वाद आहेत, पण ते कागदांवरचे वाद आहेत, स्वप्नांवरचे नव्हेत.

स्वप्न म्हणालो, कारण झांग सानफेंगला ही कला स्वप्नात देवाने शिकवली अशी कथा आहे. हे ऐकून आपल्याला काही आठवतं का? दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात हैदराबादचे अली आणि गुलाब हे पहिलवान आले, आव्हान घ्यायला कुणी पुढे येईना. तेव्हा कोवळ्या वयाचे बाळंभटदादा देवधर मुदत मागून सप्तशृंगीला गेले, मारुतीरायाने स्वप्नात येऊन लाकडी खांबावर कसरत दाखवली, आणि मल्लखांब जन्माला आला. बाळंभटदादा खरे, त्यांचं कर्तृत्वही खरं. आज देशभर मल्लखांब आहे तो त्यांच्या शिष्यपरंपरेमुळे. पण ११३५ च्या सुमाराला सोमेश्वर चालुक्याने जो ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मल्लांच्या व्यायामात खांबावरचा व्यायामही येतो. म्हणजे बाळंभटदादांनी मोडकळीला आलेली जुनी गोष्ट उचलून नवी केली. आमच्या मते हे स्वप्नापेक्षा अवघड काम आहे.

अशा कथा निरुपद्रवी असतात, कशाला खोडून काढायच्या, असं आम्हाला एका स्नेह्यांनी विचारलं. नेहमी निरुपद्रवी नसतात. १९०० सालच्या बॉक्सर उठावात उत्तर चीनमधल्या हजारो शेतकरी पोरांना खात्री होती की, मंत्र आणि कसरतीमुळे आपल्या अंगाला गोळी लागणार नाही. समोर आठ देशांच्या फौजा होत्या. पुढे काय झालं ते इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात आहे.

त्या पराभवातून चीनमध्ये एक विचार आला, आणि तो आम्हाला फार जवळचा वाटतो. ‘पूर्वेचा रोगी माणूस’ असा शब्द तेव्हा चीनसाठी वापरत. त्याला उत्तर म्हणून १९१० मध्ये शांघायला जिंगवू संस्था निघाली. तिचं नाव जोडलं जातं ते हुओ युआनजिया या मल्लाशी, तो त्याच वर्षी वारला. पूर्वी विद्या घराण्यात गुप्त असायची, बाप मुलाला द्यायचा. इथे ती वर्गणी भरून कुणालाही शिकता येऊ लागली, पुढे बायकांनाही. पुस्तकं निघाली, छायाचित्रं निघाली. आणि चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच पुढचा हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं, पण दुखणं एकच. गोऱ्या साहेबाने सांगितलं होतं की, तुमचं शरीरच गुलामाचं आहे. बडोद्याचे आबासाहेब मुजुमदार दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ काढायला बसले, तेही याच ऊर्मीने.

आणि मग १९३६. बर्लिनचं ऑलिंपिक, हिटलर समोर. चीनने आपल्या पथकाबरोबर नऊ जणांचा युद्धकलेचा संघ पाठवला, त्यात तीन स्त्रिया होत्या. बर्लिनमध्ये आणि जर्मनीच्या इतर शहरांत त्यांनी प्रात्यक्षिकं केली. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीचं पथक बर्लिनला गेलं आणि त्यांनी कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार दाखवले. एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात. आमचं मन सारखं तिथे जाऊन रेंगाळतं. दोन गरीब, दबलेले देश, आणि दोघांची मुलं युरोपला सांगतायत की बघा, आम्हालाही उभं राहता येतं. इथे कोण कुणाचा गुरू हा प्रश्न विचारावासा वाटत नाही.

बरं, मग भारताकडून चीनला काहीच गेलं नाही का? गेलं. पण जे गेलं ते आपण फलकावर लिहीत नाही.

आधी उलट बाजू. शरीर वाकवणं, ताणणं, श्वासाबरोबर हालचाल करणं हे चिन्यांकडे त्यांचं स्वतःचं होतं. १९७० च्या दशकात मावांगदुई इथल्या थडग्यांत रेशमावरचं एक चित्र मिळालं, त्यात चव्वेचाळीस माणसं निरनिराळ्या व्यायामांच्या मुद्रांत आहेत. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालं. बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचण्याच्या आधीचं हे आहे. तेव्हा त्यांना हातपाय हलवायला आपण शिकवलं, हे म्हणणं सोडून द्यावं.

आता आपली बाजू. सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचा थोर चिनी वैद्य होऊन गेला. त्याच्या वैद्यकग्रंथात अठरा हालचालींचा एक व्यायाम दिला आहे आणि त्यावर स्पष्ट लिहिलंय, भारत देशाची पद्धत, ब्राह्मणांची पद्धत. हात चोळणं, बोटं गुंफून वळवणं, धनुष्य ओढल्यासारखं करणं, अंग पिळणं. युद्ध नाही, पराक्रम नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी रोज करावं असं साधं काहीतरी. याला राजपुत्र नाही, मठ नाही. म्हणूनच कुणी त्याच्यावर सिनेमा काढला नाही. पण हे लिखित आहे.

आणि दुसरं गेलं ते याहून मोठं. दुसऱ्या शतकात लोयांगला आन शिगाओ हा पार्थियन भिक्षू आला. त्याने आणि त्याच्या परंपरेने श्वासावर चित्त ठेवण्याचे बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेले. संस्कृत ध्यान, त्याचं चिनीत झालं चान, जपानीत झेन. पालीत शब्द आहे सति, म्हणजे आपला स्मृती. चिनी लोकांनी त्यासाठी जे अक्षर निवडलं, त्यात वर ‘आत्ता’ आणि खाली ‘हृदय’ अशी दोन चिन्हं आहेत. इंग्रजीत ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्याला माइंडफुलनेस म्हटलं. तोच शब्द आज मोबाइलवर घंटी वाजवून विकतात. गंमत म्हणजे आपल्याकडूनच गेलेली ही गोष्ट आपल्याकडे परत आली तीही वळसा घेऊन, ब्रह्मदेशातून. गोएंका गुरुजींनी १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू केली ती तिथली परंपरा घेऊन.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो. स्मृती म्हणजे आठवण. आठवण तर गेलेल्या गोष्टीची असते, मग आत्ताच्या क्षणाची स्मृती म्हणजे काय? आम्ही यावर वर्गात भरपूर बोललो आहोत, आणि आता कबूल करतो, नीट कळलं नव्हतं. कळलं ते अंगणात. ताई चीमध्ये पाऊल टाकताना आधी एक पाय रिकामा करायचा, सगळा भार दुसऱ्यावर द्यायचा, मग रिकामा पाय पुढे टेकवायचा, जमीन चाचपायची, आणि मग हळूहळू भार तिकडे न्यायचा. ते रिकामा पाय आणि भरलेला पाय असंच म्हणतात. या सगळ्यात मन क्षणभर दुसरीकडे गेलं, पेन्शनच्या कामावर गेलं समजा, की तोल जातो. तोल गेल्याबरोबर आठवतं, अरे, आपण इथे होतो! ही जी आठवण, तीच सति. सतिपट्ठानसुत्तात भिक्षूला पुढे जाताना, मागे येताना, हात आखडताना आणि पसरताना जाणतेपणाने कर असं सांगितलं आहे. आम्ही ते संध्याकाळी आरामखुर्चीत बसून वाचलं होतं, हात न आखडता.

तब्येतीचं म्हणाल तर थोडक्यात सांगतो. आज जगभर शिकवली जाते ती चोवीस हालचालींची सोपी ताई ची १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा विभागाने मुद्दाम सामान्य माणसासाठी बसवली. प्राचीन वगैरे नाही, आमच्याहूनही वयाने लहान आहे. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर तिचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळे प्रयोग एकत्र तपासले, त्यात पडण्याचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी दिसलं. २०१२ मध्ये अमेरिकेत ऑरेगनला पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर प्रयोग झाला, त्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. याने मधुमेह जातो, कॅन्सर जातो असं कुणी सांगितलं तर मात्र पैसे खिशातच ठेवा. आम्ही चार वर्षांत एकदाही पडलो नाही. हा पुरावा नव्हे, एकाच माणसाची गोष्ट आहे, पण आम्हाला ती पुरते.

आत्मसंरक्षणाचा प्रश्न आमचा नाही, आमच्या नातीचा आहे. तिच्या वर्गात पंधरा-वीस मुली आहेत, काही लोट्याच्या बाजूने एसटीने येतात. त्यांच्या आया क्लासला का पाठवतात हे न बोलताही आपल्याला कळतं. सरकारी शाळांतही मुलींना राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाच्या योजनेतून तीन महिन्यांचं प्रशिक्षण देतात. तीन महिन्यांत कुणी लढवय्यं होत नाही. आम्ही नातीला विचारलं, तुला काय आलं? ती म्हणाली, "आबा, पहिले सहा महिने सरांनी फक्त नीट उभं राहायला आणि मोठ्याने ओरडायला शिकवलं." आम्हाला हे उत्तर फार आवडलं. आपल्या घरांत मुलींना उलटं शिकवतात, वाकून चाल, हळू बोल. गोंगफू या चिनी शब्दाचा अर्थच मुळात वेळ देऊन, कष्ट करून मिळवलेलं कसब असा आहे. त्यात मारामारी नाही. आपल्या तालमीत यालाच मेहनत म्हणतात. पहिलवान व्यायाम करतो असं म्हणत नाही, मेहनत करतो असं म्हणतो.

या खेळाला राजकारणही सुटलेलं नाही. हांगचौच्या आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाल्या, तेव्हा अरुणाचलच्या तीन वूशू खेळाडू मुलींना चीनच्या अडवणुकीमुळे जाताच आलं नाही. मणिपूरच्या रोशिबिना देवीने तिथे रौप्यपदक मिळवलं आणि ते त्या तिघींना अर्पण केलं. आमच्या नातीच्या वहीवर तिचा फोटो चिकटवलेला आहे, शेजारी चिनी प्रशिक्षकाचाही आहे. मुलांना यात विसंगती दिसत नाही, आम्हालाही हळूहळू दिसेनाशी झाली आहे.

तर फलकाचं काय झालं? आम्ही बोधिधर्माचं वाक्य खोडलं आणि खाली कारणं लिहून पाठवली. सर नाराज झाले. साहजिक आहे, त्यांना त्यांच्या गुरूंनी तसंच सांगितलं होतं, आणि गुरूंचं खोडायचं म्हणजे काय ते तांग हाओला विचारा. महिनाभर ते आमच्याशी मोजकंच बोलत होते. आम्हालाही वाईट वाटलं, कारण माणूस कष्टाळू आहे, मुली त्याच्याकडे निर्धास्त असतात, आणि ज्याने आमच्या नातीला ओरडायला शिकवलं त्याला आम्ही पेन्सिलने दुखावलं. मग एका संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, "सर, पटतंय तुमचं. पण पोरांनी विचारलं ही विद्या कुठून आली, तर मी सांगू काय? नाही, नाही, नाही, एवढंच?"

आम्हाला त्या दिवशी धड उत्तर देता आलं नाही. आज जे बोललो ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते मागच्या रांगेत बसलेत. सर, आपल्या खेडात डोंगराच्या अंगाला लेणी आहेत, पलीकडे दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला एकोणतीस आहेत. पुढच्या वर्षी मुलींना एकदा तिथे घेऊन जा. दगडात कोरलेल्या त्या खोलीत कुणीतरी श्वास मोजत बसत होतं, एवढं सांगा. मग मावांगदुईचं चित्र दाखवा, सुन सिमियाओचा अठरा हालचालींचा व्यायाम करून घ्या, शांघाय आणि अमरावती सांगा. फलक थोडा लांब होईल. मजकूर आम्ही लिहून देतो, या खेपेला पेनाने.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, प्रश्न घेऊ या. पहिली चिठ्ठी दिसतेय ब्रूस लीबद्दल. तर हो, त्याने सिएटलच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे वर्ग केले होते. पदवी मात्र पूर्ण केली नाही, आणि त्याचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही.